शंभर योजने, एक दिवस

यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा पैनगंगेने आखलेली आहे. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो आणि माहूरचा डोंगर दिसू लागतो. या डोंगराशी जोडलेली एक श्रद्धा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. दत्तात्रेय रोज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेसाठी माहूरच्या शिखरावर येतात. परंपरेगणिक तपशील थोडा बदलतो, गावे वाढतात वा कमी होतात. माहूरची निद्रा मात्र बहुतेक ठिकाणी कायम असते. आजच्या अक्षांश-रेखांशांवरून हिशेब केला तर काशी ते कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे १३२० किलोमीटर, कोल्हापूर ते माहूर सुमारे ५२० आणि माहूर ते काशी सुमारे ८००. म्हणजे रोजचा फेरा २६४० किलोमीटरांचा. श्रद्धेला असा फूटपट्टीचा स्पर्श करू नये हे मान्य आहे. तरीही या कल्पनेत जी गोष्ट गृहीत धरलेली आहे ती प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. अंतर आणि वेळ यांचा परस्परांशी जो करार सामान्य माणसावर बंधनकारक असतो, तो मोडता येणे हे दैवी सामर्थ्याचे लक्षण मानले गेले. जो दूर असूनही वेळेवर येतो, तो देव.

आज हा करार आपण विमानतळावर मोडतो, किंवा मोडला असे समजतो. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, पृथ्वीच्या गोलावरील लघुतम कंस काढावा, त्याला विमानाच्या वेगाने भागावे, उड्डाण-अवतरणासाठी अर्धा तास मिळवावा, की प्रवासाची वेळ हाती येते. यवतमाळला विमानतळ आहे. तेव्हा यवतमाळ ते मुंबई हेही गणित करता येते: सुमारे ५७० किलोमीटर, साधारण दीड तास. गणितात चूक नाही. अडचण एवढीच की या मार्गावर तिकीट काढून बसता येईल असे नियमित विमान नाही. प्रत्यक्षात न होणाऱ्या प्रवासालाही अंतर असते आणि वेळही असते, ही अवस्था इतिहासाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे. अंतर माणसाच्या पावलांपासून सुटे झाले ते केव्हा? आणि त्याने कोणाचे काय साधले?

जुन्या मराठीत अंतर वेळेनेच मोजले जाई. ‘मजल’ हा शब्दच पाहा. एका दिवसात जितके चालून होते आणि जिथे पाठ टेकता येते ती मजल. मजल दरमजल करीत माणसे काशीला जात. कोस होता, पण तो प्रांताप्रांतांत लहानमोठा होत असे; डोंगरातला कोस आणि मैदानातला कोस यांच्यात लोकांनी कधी सारखेपणाची अपेक्षा धरली नाही. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ वाचताना आपल्या लक्षात राहतात ते मुक्काम. किती कोस झाले याला तिथे फारसे महत्त्व नाही. कुठे रात्र पडली, कुठे शिधा मिळाला, कुठे नदी उतरून जाता आली नाही, याला आहे. शिवाय ‘अंतर’ या शब्दाचा आणखी एक प्रयोग मराठीने जपला आहे. ‘अंतर देणे’ म्हणजे सोडून देणे, पाठ फिरवणे. भक्त देवाला आणि लेक माहेराला विनवते ती याच शब्दाने. दोन ठिकाणांमधील लांबी आणि दोन माणसांमधील विसर यांना एकच शब्द पुरतो ही गोष्ट पुढे पुन्हा आठवावी लागणार आहे.

विदर्भाच्या प्रवासवेळेचा सर्वांत जुना वाङ्मयीन दाखला महाभारतातील नलोपाख्यानात सापडतो, आणि तो विलक्षण तपशीलवार आहे. दमयंती वडिलांच्या घरी, कुंडिनपुरात आहे. बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथ्य करणारा माणूस नळच आहे असा तिला संशय आहे. तो खरा की खोटा हे ठरवण्यासाठी ती अंतराचाच सापळा रचते. उद्या सूर्योदयाला दमयंतीचे दुसरे स्वयंवर आहे, असा निरोप अयोध्येला धाडला जातो. अंतर शंभर योजने, हाती एक दिवस. इतके अंतर इतक्या वेळात घोड्यांनी कापू शकेल असा पृथ्वीवर एकच पुरुष आहे हे तिला माहीत आहे. म्हणजे इथे प्रवासाला लागलेला वेळ हाच ओळखीचा पुरावा आहे. चेहरा बदललेला, नाव बदललेले. वेग तेवढा लपवता येत नाही.

कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील, वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर असे परंपरा मानते. तिथून अयोध्या सरळ रेषेत साधारण ७६० किलोमीटर भरते. योजनेच्या लांबीविषयी विद्वानांत एकमत नाही. आठ किलोमीटरांपासून तेरा किलोमीटरांपर्यंत मते आहेत. आठ धरले तर शंभर योजने म्हणजे ८०० किलोमीटर. हे जुळते म्हणून कोणी हरखून जाऊ नये. शंभर हा आकडा कथेचा आहे, मोजणीचा नव्हे. खरी गंमत त्या प्रवासाच्या वर्णनात आहे. ऋतुपर्णाचे उत्तरीय वाऱ्याने उडून पडते. रथ थांबव, ते आणायला माणूस पाठवू, असे तो म्हणतो. बाहुक सांगतो की ते आता योजनभर मागे राहिले. वाक्य उच्चारायला लागणाऱ्या वेळात एक योजन! वेग सांगण्याची याहून प्रभावी रीत मला तरी ठाऊक नाही. इथे वाऱ्याशी, गरुडाशी वा मनाशी केलेली उपमा लागत नाही. मागे पडलेले एक वस्त्र पुरते. आणि मग या घाईतच बेहड्याचे झाड येते. राजा फळे-पाने एका नजरेत मोजून दाखवतो, बाहुक रथातून उतरून ती संख्या पडताळून पाहायचा हट्ट धरतो, आणि उशीर होईल म्हणून राजा कासावीस होतो. मोजणारा आणि धावणारा असे दोघे इथे आपापल्या विद्यांची देवघेव करतात. संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरतो तेव्हा तिथे स्वयंवराची काहीच तयारी नसते. केवळ भेटीसाठी आलो, असे ऋतुपर्ण भीमराजाला सांगतो. आणि एवढ्याशा कारणासाठी शंभर योजने कोणी कशाला येईल, या विचाराने भीमराजा मनातल्या मनात बुचकळ्यात पडतो.

विदर्भात खरोखरीचा मोजणारा आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही इथेच थांबला. विल्यम लॅम्बटन हा इंग्रज लष्करी अधिकारी. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्याने सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा पोलादी साखळीने मोजायला घेतली. त्यानंतरची वीस वर्षे तो अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट हे कोनमापक यंत्र टेकड्यांवर, गोपुरांवर आणि किल्ल्यांच्या बुरुजांवर चढवीत उत्तरेकडे सरकत राहिला. पद्धत अशी की एक बाजू जमिनीवर मोजायची आणि तिसऱ्या बिंदूचे कोन दुर्बिणीतून घ्यायचे. बाकी दोन बाजू कागदावर निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर त्याच्या पुढचा. पूर्वी ज्या ठिकाणी कोणी चालत गेले त्याच ठिकाणाचे अंतर सांगता येई. आता न जाता सांगता येऊ लागले. माझ्या मते पावले आणि अंतर यांची फारकत झाली ती या साखळीने, विमानाने नव्हे. विमान ही पुढची, तुलनेने किरकोळ गोष्ट.

अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर जाणारी ही त्रिकोणांची माळ ‘महाकंस’ म्हणून ओळखली जाते. बीदरजवळचे दामरगिड्डा आणि एव्हरेस्टच्या कागदपत्रांत ‘टाकल खेरा’ म्हणून येणारे एलिचपूर परिसरातले ठाणे हे त्या कंसावरचे दोन महत्त्वाचे बिंदू. नकाशावर या दोहोंना जोडणारी रेघ ओढली तर ती आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम अंगावरून जाते. पुसद, दिग्रस, दारव्हा ही गावे साधारण याच रेखांशांवर येतात. पृथ्वी किती फुगीर आहे या प्रश्नाच्या उत्तराला या काळ्या जमिनीचा थोडा हातभार लागला आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

ही मोजणी निव्वळ शास्त्राच्या प्रेमापोटी इथवर आली असे मात्र समजू नये. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरच्या भोसल्यांचे बळ मोडले. एप्रिल १८१८ मध्ये पळत्या बाजीराव दुसऱ्याच्या सैन्याचा पांढरकवड्याच्या परिसरात पराभव झाला. वऱ्हाड निजामाचे होते आणि निजाम इंग्रजांच्या मुठीत होता. त्याच १८१८ साली लॅम्बटनच्या कामाला हिंदुस्थानची महा-त्रिकोणमितीय पाहणी असे अधिकृत नाव मिळाले. तोफा गेल्या त्या वाटेने पाच वर्षांच्या आत थिओडोलाइट गेले. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना, २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा नदीच्या पलीकडे हिंगणघाटला लॅम्बटन वारला. त्याचे दफनही तिथेच झाले. नागपूर तिथून पाऊणशे किलोमीटर होते.

त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने हे काम पुढे नेले. त्याने १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे जे माप बसवले ते ‘एव्हरेस्ट गोलाभ’ या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भारतीय नकाशांचा पाया होते. विमानवाहतुकीने १९९८ पासून सर्व जगासाठी उपग्रहांवर आधारलेले एकच माप स्वीकारले. आज वैमानिक ज्या सागरी मैलांत अंतर बोलतो तो मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. लॅम्बटनला आयुष्यभर छळणारा प्रश्न नेमका हाच होता: एक अंश म्हणजे जमिनीवर किती? नागपुरातील ‘झिरो माइल’ या स्तंभाला देशाचा मध्यबिंदू मानण्याची पद्धत आहे. तिथला १९०७ सालचा छोटा दगड वस्तुतः समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवणारी खूण आहे. लोकांना केंद्र हवे असते, उंचीत रस नसतो. त्याला इलाज नाही.

मोजणीनंतर माल आला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली गेले, १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात इथल्या कापसाला सोन्याचे मोल आले, आणि १८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोचली. ती वणी जिल्ह्याला, म्हणजे १९०५ नंतरच्या यवतमाळ जिल्ह्याला, उत्तरेकडून बगल देऊन गेली. मोठ्या मार्गावरचे जवळचे स्टेशन धामणगाव. ते पडले अमरावती जिल्ह्यात. मग यवतमाळचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटरांची, अडीच फूट रुंदीची रेल्वे घातली. हीच पुढे ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्धीस आली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर चालले. ज्या गावच्या गिरण्यांसाठी कापूस जात होता त्याच गावचे इंजिन तो ओढायला यावे, ही गोष्ट इतकी नेटकी आहे की संशय यावा. पण ती खरी आहे. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हा तुकडा मात्र कंपनीच्याच मालकीचा राहिला, याची वृत्तपत्रांत वेळोवेळी मौजेने चर्चा झाली. मला ती मौज कधी कळली नाही. गाडीचा वेग तासी वीस किलोमीटरांच्या आतबाहेर राहिला, म्हणजे मूर्तिजापूरला पोचायला सहा तासांच्या आसपास. गाठोड्यांना घाई नव्हती. माणसांना होती की नाही हे कोणी विचारले नाही. गेल्या दशकात तीही बंद पडली.

आता रात्रीच्या आकाशाकडे वळू. स्वतंत्र भारतातील एक अतिशय सुंदर वेळापत्रक नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर अस्तित्वात होते. जानेवारी १९४९ च्या अखेरीस रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली. त्या वेळी दळणवळण खाते रफी अहमद किडवई यांच्याकडे होते. योजना अशी: मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचे. चारही मध्यरात्रीनंतर नागपूरला उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान पहाटेपूर्वी आपापल्या शहराकडे परतायचे. संध्याकाळी कलकत्त्यात पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत वाटपाला तयार. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेली जाऊ लागली, ती या सेवेच्या बळावर.

नागपूरच का, याचे उत्तर अंतरांतच आहे. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०५, कलकत्ता ९८५. चारही आकडे असे की त्या काळच्या डाकोटा विमानाने, तासी २७० किलोमीटर धरले तर, मुंबईहून अडीच तास आणि कलकत्त्याहून साडेतीन-पावणेचार तास लागावेत. कलकत्त्याने आधी निघायचे, मुंबईने थोडे मागाहून, आणि भेट एकाच घटकेला. याच विमानांत काही प्रवाशांनाही सवलतीच्या भाड्यात जागा मिळे. थैल्यांच्या संगतीने, अपरात्री नागपुरात विमान बदलत माणसे मुंबईची दिल्लीला आणि मद्रासची कलकत्त्याला गेली. ही सेवा आधी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने, मग हिमालयन एव्हिएशनने, मग डेक्कन एअरवेजने आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सने चालवली. धोकाही होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरहून उड्डाण करताच एक डाकोटा कोसळले आणि त्यातले बहुतेक सारे दगावले. तरी सेवा चालू राहिली, पाव शतक, १९७३ पर्यंत.

या पाव शतकाचे मराठी वाङ्मयावर काही ऋण आहे का, याचा शोध घ्यायला हवा. नियतकालिकांना जाणारी हस्तलिखिते, मुद्रिते, संपादकांचे नकार, मुंबई-पुण्याशी विदर्भातील लेखकांचा पत्रव्यवहार, यांतले बरेचसे या थैल्यांतून गेले असणार. पत्राच्या तारखेवरून उत्तराची तारीख किती जवळ आली हे एखाद्या विद्यार्थ्याने जुने पत्रसंग्रह घेऊन तपासले तर ते संशोधन नुसत्या आशयसूत्रांच्या याद्यांहून उपयुक्त ठरेल. एक मात्र नकाशा स्पष्ट सांगतो. मुंबई ते नागपूर या सरळ रेषेचा शेवटचा टप्पा यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर सीमेला जवळजवळ घासून जातो. रोज रात्री पत्रे बाभूळगावच्या उत्तरेकडून, आकाशातून, नागपूरला जात आणि यवतमाळची पत्रे तिथून खाली, रेल्वेने आणि मोटारीने, उलट येत.

यवतमाळचा स्वतःचा विमानतळ शहराजवळच्या भारी या गावी आहे आणि त्याला जवाहरलाल दर्डा यांचे नाव दिलेले आहे. बांधला तो महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद यांच्यासोबत तो एका खाजगी कंपनीकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने गेला. पुढे सरकारने ही धावपट्टी परत घेण्याचे ठरवले. मधल्या वर्षांत तिथे नेत्यांची आणि उद्योजकांची विमाने अधूनमधून उतरली. या जिल्ह्याच्या मागासपणाचे कारण प्रतिनिधित्वाचा अभाव असे सांगता येत नाही. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते, सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३, दोघेही पुसदचे. त्यांच्या हयातीत पुसदला रुंद मार्गाची रेल्वे आली नाही. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. तो वर्धा, अमरावती आणि वाशीम जिल्ह्यांतून जातो, यवतमाळला वगळून. जी. आय. पी. रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी घेतलेले वळण एवढे मुरले आहे की नव्या रस्त्यानेही ते निमूट गिरवले.

वाङ्मयाच्या वाचकाला या संदर्भात जानेवारी २०१९ आठवेल. १९७३ नंतर यवतमाळला पुन्हा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले आणि मग ते मागे घेतले गेले. त्यांचे न झालेले भाषण मात्र सर्वत्र छापले आणि वाचले गेले. शेवटी उद्घाटन केले ते याच जिल्ह्यातील, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी. डेहराडून ते यवतमाळ या अंतरापेक्षा राजूर ते यवतमाळच्या व्यासपीठापर्यंतचे अंतर कमी होते असे मानायला मी तयार नाही. ‘अंतर देणे’ या प्रयोगाची आठवण वर सांगितली ती या जागेसाठी.

प्रवासवेळेच्या हिशेबात आणखी एक पेच असतो. विमान कंपनी जी वेळ छापते ती चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतची. आकाशातील वेळ तिचा एक भाग. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली, सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. अंतर सरळ रेषेत सुमारे ५४० किलोमीटर. पंख्याच्या एटीआर विमानाला तासी ५०० किलोमीटर या वेगाने ते तासाभरात कापता यावे. जाहीर झालेली वेळ होती पावणेदोन तास. वरची चाळीस मिनिटे रांगेत थांबणे, वर चढणे, मुंबईच्या आकाशात जागा मिळेपर्यंत घिरट्या घालणे यांची.

ही चाळीस मिनिटे कालिदासाने हिशेबात धरली होती. रामगिरी म्हणजे रामटेक हे वा. वि. मिराशींचे मत आपल्याकडे रूढ आहे. ते मान्य केले तर ‘मेघदूत’ हे विदर्भातून उड्डाण घेणाऱ्या प्रवासाचे काव्य ठरते. यक्षाला घाई आहे, तरी तो मेघाला सरळ रेषेत पाठवत नाही. उज्जयिनी वाटेवर नाही, वळसा पडेल, तरीही जा, असे बजावतो. शिवाय माझ्यासाठी तू कितीही त्वरा करायचे ठरवलेस तरी फुलांनी दरवळणाऱ्या प्रत्येक डोंगरावर तुला उशीर होणार, हेही त्याला दिसते. लघुतम कंस आणि प्रत्यक्ष मार्ग यांतील फरक इतक्या समजुतीने अन्य कोणी मांडलेला नाही. मात्र यक्षाच्या वळशात रस होता. यवतमाळच्या माणसाचा वळसा निराळा आहे.

त्याला मुंबईला विमानाने जायचे तर आधी नागपूर गाठावे लागते. सरळ रेषेत ते सुमारे १२५ किलोमीटर, रस्त्याने दीडशे. म्हणजे मुंबईच्या बरोबर उलट दिशेला, ईशान्येकडे. तीन तास गाडीचे, दीड तास विमानतळावर ताटकळण्याचा, दीड तास विमानाचा. ५७० किलोमीटर दूर असलेल्या शहरासाठी तो एकूण ८३० किलोमीटर जातो आणि सहा-सात तास खर्च करतो. बेलोऱ्याचे विमान असेल त्या दिवशी नव्वदेक किलोमीटर वायव्येला जाऊन दोनेक तास वाचतात. आणि यवतमाळच्या रुग्णालयातून तातडीने नागपूरला हलवायच्या रोग्यासाठी यांपैकी एकाही गणिताचा उपयोग नाही. त्याचे अंतर रस्त्याचे, दीडशे किलोमीटर.

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरांचा रुंद रेल्वेमार्ग मंजूर होऊन बरीच वर्षे झाली. त्यातील वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते, यवतमाळजवळ झालेल्या समारंभात, सुरू झाला. अकबराच्या काळी कळंब हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. ऐने अकबरीत त्याचे नाव आहे. यवतमाळ तिथून रस्त्याने बावीसएक किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने एक मजल.